ऑटोमॅटिकची मॅन्युअल केलेली जुनी गाडी: क्लच नवा, तरी रिव्हर्सला करकर

ऑटोमॅटिक उतरवून मॅन्युअल गिअरबॉक्स बसवलेल्या जुन्या गाडीत एक तक्रार हमखास येते. क्लच तळापर्यंत दाबूनही रिव्हर्स टाकताना करकर होते. इंजिन तापलं की पहिला गिअर पडत नाही. सिग्नलला क्लच दाबून उभं राहावं, तर गाडी हळूच पुढे सरकायला बघते. मग क्लच प्लेट बदलली जाते, थोडे दिवस बरे जातात आणि दुखणं परत येतं. पुढच्या वेळी प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, त्यानंतर पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. दरवेळी गिअरबॉक्स खाली आणि दरवेळी नवं किट.

माझं ठाम मत आहे की अशा गाडीत क्लच किटचा दोष क्वचितच असतो. दोष बहुतेक वेळा तीनपैकी एका जागी सापडतो: क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाला जिथे गिअरबॉक्सचा शाफ्ट टेकतो तिथे, बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या) मध्यात, किंवा क्लचचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब फ्लुइडला देणारा) ज्या पत्र्यावर बसवलाय त्या पत्र्यात. गाडी ऑटोमॅटिक होती तोवर यातल्या एकाही जागेची कोणी परीक्षा घेतलेली नसते. टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा, तेलातून जोर पोचवणारा भाग) क्रँकला फ्लेक्सप्लेटच्या पातळ पत्र्याने जोडलेला असतो. तो पत्रा थोडा लवतो आणि मिलिमीटरच्या अंशांतला फरक पोटात घालतो. मॅन्युअलमध्ये मात्र इनपुट शाफ्टचं पुढचं टोक क्रँकमधल्या पायलटमध्ये (छोट्या बुश किंवा बेअरिंगमध्ये) आणि मागचा भाग गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये पक्का धरलेला असतो. दोन्ही एका रेषेत नसतील तर शाफ्टला लवायला जागाच नाही. मग पायलट झिजतो, प्लेट शाफ्टवरच्या खाचांवर, म्हणजे स्प्लाइनवर, अडकते, आणि दोष क्लचच्या माथी मारला जातो.

पुढचं सगळं इंजिन पुढे, त्याच्यामागे गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह अशा गाड्यांबद्दल आहे.

आधी खात्री करा की क्लच खरंच सुटत नाहीये

इंजिन गरम करा, आयडलवर ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये. क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी) नसतो, म्हणून ही चाचणी खरं बोलते. क्लच नीट सुटला असेल तर एवढ्या वेळात इनपुट शाफ्ट थांबलेला असतो आणि रिव्हर्स आवाज न करता पडतो.

करकर झाली तर पुढची पायरी. क्लच दाबलेलाच ठेवून पहिला गिअर टाका. सिंक्रो शाफ्टला थांबवतो. लगेच रिव्हर्स टाका. आता तो शांतपणे पडला, पण क्लच न सोडता न्यूट्रलमध्ये काही सेकंद थांबल्यावर पुन्हा करकरला, तर थांबलेल्या शाफ्टला कोणीतरी परत फिरवतंय. हा ड्रॅग. ज्या गिअरबॉक्सात पहिल्यालाही सिंक्रो नाही, तिथे पहिल्याऐवजी वरचा गिअर वापरा.

रिव्हर्स नेहमी नीट पडतो आणि चालत्या गाडीत फक्त दुसरा किंवा तिसरा टाकताना कुरकुर होते, असं असेल तर क्लचला हात लावू नका. तो सिंक्रोचा किंवा तेलाचा प्रश्न आहे. पितळी सिंक्रो असलेल्या जुन्या गिअरबॉक्सांना साधारणपणे जीएल-४ दर्जाचं तेल लागतं. जीएल-५ मधली गंधकयुक्त द्रव्यं पितळेला त्रास देऊ शकतात आणि सिंक्रोची पकडही बिघडते. काही गिअरबॉक्स तर ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडवरच चालायला बनवलेले असतात. बोर्ग-वॉर्नरचा वर्ल्ड क्लास टी-५ हे त्यातलं ओळखीचं नाव. तेल गिअरबॉक्सच्या मॅन्युअलप्रमाणे भरा, हाताला लागलं ते नव्हे.

इंजिन बंद असतानाही गिअर जड पडत असतील तर लिंकेज बघा, आणि लिव्हर टनेलच्या भोकाच्या कडेला टेकतोय का तेही. ऑटोमॅटिकच्या टनेलमध्ये नवं भोक कापलेलं असतं. ते नेमकं रिव्हर्सच्या बाजूला अर्धा इंच कमी पडणं ही नेहमीची गोष्ट आहे.

आवाजावरूनही बरंच कळतं. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. पेडलवर पाय ठेवताक्षणी आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. गिअर टाकून, क्लच दाबून उभं असताना किंचाळल्यासारखा आवाज येतो, तर पायलट. क्रँक फिरतोय आणि शाफ्ट थांबलाय अशाच वेळी पायलट खऱ्या अर्थाने काम करत असतो, म्हणून तो तेव्हाच बोलतो.

गिअरबॉक्स न उतरवता जे मोजता येतं

एका माणसाला आत बसवून क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून मास्टर सिलिंडरकडे बघा. सिलिंडर पत्र्यासकट पुढे येतोय का? मूळ मॅन्युअल गाडीत कंपनीने या जागी आतून जाड पट्टी किंवा पूर्ण पेडल बॉक्सचा आधार दिलेला असतो. ऑटोमॅटिक गाडीत बऱ्याचदा नुसता पत्रा असतो, फार तर भोकाची जागा दाखवणारी खूण. त्यावर भोक पाडून सिलिंडर कसला की काम झाल्यासारखं वाटतं, पण प्रत्येक दाबाला पत्रा लवतो.

हे नुकसान किती, ते आकड्यांत बघा. मास्टरचा बोअर १९ मिमी आणि पिस्टन ३० मिमी सरकतो असं धरलं, तर सुमारे ८.५ घन सेंटिमीटर फ्लुइड पुढे जातं. स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा सिलिंडर) २२ मिमीचा असेल तर त्याची दांडी सुमारे २२ मिमी सरकते. रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचं प्रमाण दोनास एक असेल तर रिलीज बेअरिंगला ११ मिमी मिळतात. आता पत्रा ४ मिमी लवला. पिस्टनची खरी चाल २६ मिमी उरली आणि बेअरिंगला साडेनऊच्या आसपास मिळाले. तुमच्या डायफ्रामला (प्रेशर प्लेटच्या चपट्या स्प्रिंगला) सुटायला ९ ते १० मिमी लागत असतील तर क्लच थंडीत सुटेल, तापल्यावर अडेल. पेडल हलकं करायला कोणी स्लेव्ह २४ मिमीचा बसवला असेल तर पत्रा न लवताही हाच परिणाम होतो. दोन्ही चुका एकाच गाडीत असल्या की तो क्लच कधीच धड चालणार नाही, किट कुठल्याही कंपनीचं असो.

पत्र्यावर उपाय आहे: आतून तीन मिमीची पोलादी पट्टी, शक्यतो स्टिअरिंग कॉलमच्या किंवा ब्रेक पेडलच्या ब्रॅकेटपर्यंत नेऊन जोडलेली. बाहेरून लावलेला मोठा वॉशर पुरत नाही.

त्याच वेळी रबरी होज फुगतो का ते बघा आणि ती लाइन एक्झॉस्टपासून किती अंतरावरून गेली आहे तेही. फक्त तापल्यावर येणारी तक्रार कधीकधी इथेच सुटते. दांडी आणि झेड-बारच्या (पेडलची चाल फोर्कपर्यंत नेणाऱ्या आडव्या दांड्याच्या) क्लचमध्ये हायड्रॉलिक नसतं, पण बारचे बुश आणि इंजिनवरचा पिव्हट तपासा. ऑटोमॅटिक इंजिनवर तो पिव्हट नसतो आणि नंतर बसवलेला तिरका असू शकतो.

जास्त चाल मिळणंही घातकच. डायफ्राम मर्यादेपलीकडे दाबला तर त्याची बोटं प्लेटच्या हबला टेकतात आणि क्लच पुन्हा धरल्यासारखा वागतो. पेडलखाली स्टॉप नसेल तर लावा.

मग क्रँकची पुढेमागे चाल मोजा. हे फार लोक विसरतात आणि मला ते सगळ्यात धोक्याचं वाटतं. क्लच दाबला की क्रँकला पुढे रेटणारा जोर थ्रस्ट बेअरिंगवर, म्हणजे क्रँकची पुढेमागे चाल रोखणाऱ्या बेअरिंगवर, येतो. पुढच्या पुलीवर डायल गेज टेकवा, क्लच दाबायला सांगा, सोडायला सांगा. बऱ्याच इंजिनांत ०.१ ते ०.३ मिमीच्या दरम्यानची चाल चालते. तुमच्या इंजिनाची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. अर्धा मिमी दिसला तर पुढचं सगळं थांबवा. तिथे क्लचचा नाही, इंजिनाचा प्रश्न आहे.

शेवटी बेल हाउसिंगचं खालचं तपासणी झाकण काढा. इंजिन बंद, क्लच दाबलेला. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) प्लेट आणि फ्लायव्हीलच्या (क्रँकवरच्या जड चाकाच्या) मध्ये, तसंच प्लेट आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये सरकवून बघा. एकाच प्लेटच्या क्लचला दोन्हींची बेरीज साधारण ०.८ ते १.२ मिमी हवी. इंजिन हाताने फिरवत चार ठिकाणी मोजा. सगळीकडे फट कमी असेल तर दोष पेडल, पत्रा, सिलिंडर, फोर्क किंवा रिलीज बेअरिंगच्या लांबीत आहे. एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर प्लेट वाकलेली आहे. आणि फट सगळीकडे भरपूर असूनही ड्रॅग आहे, तर प्लेट नव्हे, पायलट शाफ्टला फिरवतोय किंवा प्लेट स्प्लाइनवर अडकते आहे. गिअरबॉक्स उतरवायचं खरं कारण हे शेवटचं.

पायलट

गिअरबॉक्स खाली आल्यावर काहीही पुसू नका. आधी टॉर्च लावून बघा. बिघडलेला पायलट बुश स्वतःच सगळं सांगतो: भोक किंचित लंबगोल, आत एका बाजूला चंद्रकोरीसारखी चकाकी, फ्लायव्हीलच्या मध्याभोवती तांबूस भुकटी चिकटलेली. इनपुट शाफ्टचं टोक निळसर पडलं असेल तर ते चांगलंच तापलेलं आहे. झीज भोवताली सारखी असेल तर तेलाचा किंवा मापाचा दोष. एकाच बाजूला असेल तर रेषेचा.

ऑटोमॅटिकसाठी बनवलेल्या काही क्रँकमध्ये पायलटचं भोक पुरतं केलेलंच नसतं. कन्व्हर्टरचा हब त्यापुढच्या मोठ्या खाचेत बसतो, म्हणून आतलं भोक कच्चं ठेवलं तरी कंपनीचं अडत नव्हतं. क्रायस्लरच्या जुन्या व्ही-८ इंजिनांत हे खूप भेटतं. अशा क्रँकमध्ये नेहमीचा बुश ठोकून बसवला की तो एक तर दबून आतून लहान होतो, नाही तर तिरका बसतो. यावर दोन सरळ मार्ग आहेत: क्रँकचं भोक मशीनवर मापात करून घेणं, किंवा कन्व्हर्टरच्या मोठ्या खाचेत बसणारं रूपांतराचं बेअरिंग वापरणं. दुसरा मार्ग इंजिन न खोलता होतो, पण त्यात शाफ्टच्या टोकाची लांबी तपासावीच लागते.

बेल हाउसिंग इंजिनावर कसा. त्याच्या मागच्या तोंडापासून क्रँकच्या भोकाच्या तळापर्यंतची खोली मोजा. मग गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडापासून शाफ्टच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. लांबी खोलीपेक्षा दोन-तीन मिमी कमी हवी. ती जास्त असेल आणि बोल्ट कसून गिअरबॉक्स ओढून घेतला असेल, तर शाफ्ट क्रँकला कायमचा पुढे रेटत राहिला आहे. वर सांगितलेला थ्रस्ट बेअरिंग असाही जातो. गिअरबॉक्स हाताने ढकलून तोंडाला तोंड लागलाच पाहिजे. शेवटचे पाच मिमी बोल्टने ओढायचे नसतात.

बुश सच्छिद्र ब्राँझचा असेल तर त्याला ग्रीस लावू नका. ग्रीसने छिद्रं बुजतात. तो तेलात भिजवायचा. लवकर करायचं असेल तर भोकात तेल भरून दोन्ही तोंडं अंगठ्यांनी दाबा, थोड्या वेळात बाहेरच्या अंगाला तेलाचा घाम फुटलेला दिसतो. सुई बेअरिंग असेल तर मात्र त्याला उष्णता सोसणारं ग्रीस हवं आणि शाफ्टचं टोक गुळगुळीत हवं. झिजलेल्या शाफ्टवर सुई बेअरिंग टिकत नाही. बुश क्रँकमध्ये दाबून बसवल्यानंतर शाफ्ट आत घालून बघा, दाबण्याआधी नव्हे. दाबल्यावर आतलं माप घटतं. शाफ्ट बोटाने सहज फिरला पाहिजे. फट साधारण ०.०२५ ते ०.०७५ मिमी.

बेल हाउसिंगचा मध्य

एवढं करूनही नवा पायलट पुन्हा एकाच बाजूने खाल्ला जात असेल तर डायल गेजला पर्याय नाही. या एका मोजमापावाचून केलेलं रूपांतर मी पूर्ण झालेलं मानत नाही.

क्लच काढलेला, फ्लायव्हील जागेवर, बेल हाउसिंग पूर्ण टॉर्कने कसलेलं. स्पार्क प्लग काढा म्हणजे क्रँक हाताने फिरेल. गेजचा चुंबकी पाया फ्लायव्हीलवर बसवा आणि सुई बेल हाउसिंगच्या मागच्या गोल भोकाच्या आतल्या भिंतीवर टेकवा, म्हणजे गिअरबॉक्सची गोल कड जिथे बसते तिथे. एक पूर्ण फेरा फिरवून सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वाचनातला फरक घ्या. हा फरक ०.१३ मिमीच्या आत हवा. मध्य प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याने सरकलेला असतो.

समजा फरक ०.४४ मिमी आला. मध्य ०.२२ मिमी सरकलाय. ऑफसेट डॉवेल पिना (हाउसिंगची जागा ठरवणाऱ्या, मध्य थोडा सरकवलेल्या पिना) साधारणपणे ०.१८, ०.३६ आणि ०.५३ मिमी अशा मापांत मिळतात. ०.१८ ची जोडी लावली तर ०.०४ मिमी उरेल, गेजवर ०.०८ दिसेल, आणि ते चालतं. सुई जिथे सगळ्यात जास्त दाबली जाते, तिथली भिंत क्रँकच्या मध्याला सगळ्यात जवळ असते. हाउसिंग त्याच दिशेला सरकवायचं. दोन्ही पिनांचा ऑफसेट एकाच दिशेला ठेवा आणि कसून पुन्हा मोजा.

पण पिना मागवण्याआधी साध्या गोष्टी तपासा. इंजिन रीबिल्ड होताना मूळ डॉवेल पिना हरवलेल्या असतात आणि हाउसिंग नुसत्या बोल्टवर लटकत असतं. तोंडावर रंगाचा थर असतो, कडेला ठोकल्याचा उंचवटा असतो. काही इंजिनांत ब्लॉक आणि हाउसिंगच्या मध्ये पातळ पत्रा असतो. तो ऑटोमॅटिकचा वेगळा आणि मॅन्युअलचा वेगळा, आणि स्टार्टरचा दातही त्यावरच जुळतो. हे सगळं नीट केल्यावर फरक निम्म्यावर आलेला मी पाहिला आहे.

मग तीच सुई मागच्या सपाट तोंडावर टेकवून तोंड सरळ आहे का बघा. मर्यादा तीच. मोजताना क्रँक सतत एकाच बाजूला रेटून धरा, नाही तर त्याची पुढेमागे चालच वाचनात येईल.

परत बसवताना

ड्रॅगचं एक कारण बसवण्याच्या पाच मिनिटांतच जन्माला येतं. शाफ्ट स्प्लाइनमध्ये गेलाय, बोल्ट अजून लागले नाहीत, आणि गिअरबॉक्सचं सगळं वजन क्लच प्लेटच्या हबवर टांगलेलं. प्लेट तिथल्या तिथे वाकते. जॅकने वजन पेलून धरा, किंवा वरच्या दोन भोकांत डोकं कापलेले लांब बोल्ट वाटाड्यासारखे लावून गिअरबॉक्स त्यांवरून सरकवा. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू तपासून बसवा. फ्लेक्सप्लेटचे जुने बोल्ट फ्लायव्हीलला वापरू नका. लांबी वेगळी असते आणि चुकीचं डोकं प्लेटच्या स्प्रिंगला घासतं.

फ्लायव्हीलचा तोलही इंजिनाशी जुळला पाहिजे. फोर्डच्या ३०२ मध्ये आधी २८ औंस-इंचाचं असंतुलन होतं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ५० झालं. शेवरलेच्या स्मॉल ब्लॉकांत ४०० बाहेरून तोललेलं, तर ३५० ची जुनी इंजिनं आतून. दिसायला सारखं फ्लायव्हील बसतं, फिरतं, आणि थरथर गिअरबॉक्सपर्यंत नेतं.

मागच्या अ‍ॅक्सलचं प्रमाणही बघाच. कन्व्हर्टर गाडी हलताना टॉर्क सुमारे दुप्पट करतो, म्हणून ऑटोमॅटिक गाड्यांना २.७३ सारखा लांब (कमी प्रमाणाचा) अ‍ॅक्सल दिलेला असायचा. त्याला २.२० च्या पहिल्या गिअरने गुणलं की जेमतेम ६ येतात. अशी गाडी हलवताना क्लच दरवेळी घसरत ठेवावा लागतो, प्लेट तापते, वाकते आणि ड्रॅग परत येतो. हा गुणाकार ९ ते १० च्या आसपास असला की क्लचला सुखाचे दिवस येतात. अ‍ॅक्सल बदलायचा नसेल तर पहिला गिअर आखूड (जास्त प्रमाणाचा) असलेला गिअरबॉक्स निवडा.

इंजिनाची अर्थिंग पट्टी जुन्या गिअरबॉक्सवर लावलेली असेल तर ती नव्यावर परत लावा. राहिली तर स्टार्टरचा करंट क्लच केबलमधून किंवा मीटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापते, आतलं प्लास्टिक वितळतं आणि पेडल दगड होतं. बदललेली केबल पुन्हा पुन्हा जात असेल तर सगळ्यात आधी हीच पट्टी शोधा. व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (जुन्या ऑटोमॅटिकच्या, इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या भागाची) नळी काढल्यावर मॅनिफोल्डचं तोंड बंद करायलाही विसरू नका, नाही तर आयडल वर-खाली होतो आणि रिव्हर्सची चाचणी खोटं बोलते.

आणि इन्हिबिटर स्विच. ऑटोमॅटिक गाडी फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्ये सुरू होते. रूपांतरात त्या स्विचच्या दोन तारा बरेच जण नुसत्या पिळून जोडतात, आणि मग गिअरमध्ये असलेली गाडी चावी फिरवताच उडी मारते. त्याच दोन तारा क्लच पेडलवरच्या स्विचला न्या, म्हणजे पेडल तळाला गेल्याशिवाय स्टार्टर फिरणार नाही. रिव्हर्सच्या दिव्याची तार मात्र वेगळी ओळखून नव्या गिअरबॉक्सच्या स्विचला जोडा. ती बऱ्याचदा त्याच जुड्यात असते.